पट्टा कुठल्या खांद्यावर

"हळू हो कॅप्टन, गाडी सुटतेय का? पुन्हा वाचा," दातांचा डॉक्टर म्हणाला, आणि कॅप्टनने घसा खाकरून शिशाचे शिपाई ओतणाऱ्या कंपनीचं पत्र पुन्हा पहिल्यापासून धरलं.

"'आपल्या मंडळातील एका जाणकार सभासदाने पुराव्यासह दाखवून दिल्याप्रमाणे, जखमी वाहणाऱ्या शिपायांच्या पाण्याच्या बाटलीचा पट्टा नमुन्यात चुकून उजव्या खांद्यावर आला आहे. तो डाव्या खांद्यावर घेण्यासाठी साचे नव्याने कापत आहोत. त्यामुळे नवी मालिका नऊ महिने उशिरा येईल. सदर सभासदाचे मनःपूर्वक आभार.'"

टाळ्या पडल्या. तो जाणकार सभासद म्हणजे अस्मादिक. छापखान्यात छत्तीस वर्षं मुद्रितं तपासली, दुसऱ्यांच्या चुका काढून पोट भरलं, म्हणून मंडळात मला सगळे 'शुद्धिपत्र' म्हणतात. त्या दिवशी मी मान खाली घालून हसलो, पण आतून इतका फुललो होतो की शर्टाची गुंडी तुटायची बाकी होती.

आमचं मंडळ म्हणजे आठ-नऊ टोणगे. दर रविवारी सकाळी डॉक्टरच्या बंद दवाखान्यात रोग्यांच्या बाकांवर बसायचं आणि बोटाएवढ्या शिशाच्या शिपायांवरून भांडायचं. कॅप्टन कधी सैन्यात नव्हता, त्याची बेकरी आहे. घरच्यांनी आम्हा सगळ्यांपुढे केव्हाच हात टेकलेत. गेली दोन वर्षं आमच्या तोंडी एकच विषय होता, ही नवी मालिका. घोडेस्वार नाहीत, सेनापती नाहीत. प्रथमच पिछाडीची माणसं. आचारी, न्हावी, नालबंद, जखमी वाहणारे. माहितीपत्रक हातोहाती फिरून घडीवर फाटलं होतं. डॉक्टरने कपाटातला एक कप्पा रिकामा करून ठेवला होता आणि बायकोला तिथे फुलदाणीसुद्धा ठेवू देत नव्हता.

टाळ्या थांबल्यावर कोपऱ्यातून मास्तरांचा आवाज आला, "नऊ महिने?"

मास्तर म्हणजे टेलरमास्तर. ऐंशी उलटलेली, छातीचं दुखणं, दोन वाक्यांत एकदा थांबून श्वास घ्यायचा. इतरांना या मालिकेची हौस होती, मास्तरांचं तसं नव्हतं. ज्या जुन्या पलटणीची ही मालिका होती, तिच्यातच त्यांचे वडील बाजा वाजवायचे. लढाई जुंपली की बाजेवाल्यांनी बाजा खाली ठेवायचा आणि स्ट्रेचर उचलायचं, अशी रीत होती. "आमच्या म्हाताऱ्याच्या हातात ना बंदूक, ना तलवार," मास्तर नेहमी म्हणायचे, "कोण काढणार त्याचा शिपाई?" आता कुणीतरी काढला होता. वडिलांचा एक फोटोही त्यांच्याकडे नव्हता.

"मास्तर, थांबलो तर अस्सल मिळेल," मी म्हणालो. "आता चुकीचा घेऊन काय करायचं?"

"अरे हो, बरोबर आहे तुझं." त्यांनी बोटांवर महिने मोजले आणि हसले. "माझ्या डॉक्टरला विचारायला हवं, त्याचं काय म्हणणं आहे ते."

सगळे हसले. मीही हसलो. ते हसू आठवलं की अजून मेल्याहून मेल्यासारखं होतं.

त्यानंतर चारच दिवसांनी रद्दीवाल्याकडे मला एक जुनं पुस्तक सापडलं. त्यात तोच फोटो होता, ज्याच्या जोरावर मी कंपनीला आठ पानी पत्र हाणलं होतं. तेच चौघे, तेच स्ट्रेचर, तोच मिशीवाला. फक्त सगळे उलट्या दिशेला चालले होते. पट्टा उजव्या खांद्यावर, बाटली डाव्या कमरेला. माझ्या पुस्तकात कापून टाकलेला कडेचा भागही इथे होता. त्यात एक गाडी होती आणि गाडीवरचा आकडा सरळ वाचता येत होता. म्हणजे हाच फोटो सुलटा. माझ्या पुस्तकात छापणाऱ्याने फोटोची काच, म्हणजे निगेटिव्ह, उलटी लावली होती.

कंपनीचा नमुना बरोबर होता. चूक माझी होती. आणि चूक तरी कसली, तर छापखान्यातली! दुसरा कुणी फसला असता तर समजू शकलो असतो. मी आयुष्यभर काचा उलट्या लागलेल्या पाहिल्या होत्या, त्यावरून पोरांना फैलावर घेतलं होतं.

कंपनीचा फोन नंबर पत्राच्या माथ्यावरच होता. एक फोन, बस. मी तीनदा पत्राचा मसुदा केला आणि तिन्हीदा फाडला. 'मनःपूर्वक आभार' या दोन शब्दांचं काय करायचं, ते मला कळेना. शुद्धिपत्राचंच शुद्धिपत्र काढायचं? कॅप्टन जन्मभर पुरेल एवढी चेष्टा करणार. मी मनाला समजावलं की साचे एव्हाना कापले असतील. विचारलं मात्र नाही. ते पुस्तक कपाटात मागे सारलं आणि रविवारी नेमाने मंडळात जात राहिलो.

मास्तर हळूहळू यायचे बंद झाले. मग मी बुधवारी त्यांच्या घरी जायला लागलो. दुकान खाली, घर वर. दुकानात आता सूनच मशीनवर बसायची. मी मास्तरांच्या पलंगाशी खुर्ची ओढून बसायचो, सफरचंद कापून द्यायचो. लोक म्हणत, शुद्धिपत्र काय मायेचा माणूस आहे!

एका बुधवारी ते म्हणाले, "तो तुझा पुराव्याचा फोटो आण ना एकदा. म्हातारा दिसतो का बघतो त्यात."

घरात दोन्ही पुस्तकं होती. खरं पुस्तक नेलं असतं तर सगळं सांगावं लागलं असतं. मी खोटं उचललं.

मास्तरांनी भिंग मागितलं. फोटोवर बोट फिरवत कितीतरी वेळ पाहत राहिले. मला वाटलं, चेहरे शोधताहेत. पण शिंप्याची नजर ती, आधी कोटावर गेली.

"हा कोट कुणी शिवलाय?" ते म्हणाले. "गुंड्या बायकी बाजूला आहेत."

मी सफरचंद सोलायला घेतलं.

"चौघांच्याही." त्यांनी भिंग खाली ठेवलं. "पुरुषाच्या कोटाची डावी बाजू वर येते. अख्ख्या पलटणीचे कोट कुठला शिंपी उलटे शिवेल? फोटो उलटा छापलाय रे."

"हो," मी म्हणालो.

"तुला ठाऊक होतं?"

"हो."

"कधीपासून?"

"पत्र आलं त्याच आठवड्यापासून. पाच महिने झाले."

मला वाटलं, ओरडतील. ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी दम घेतला. खालून मशीनचा आवाज येत होता.

"चूक होते रे," ते म्हणाले. "माझ्या हातून नवऱ्यामुलाचा कोट आखूड झालाय, ऐन लग्नाच्या आदल्या दिवशी. पण गेलो आणि सांगितलं. चुकलं तर उसवायचं असतं. तू वरून अस्तर लावलंस." मग जरा थांबून म्हणाले, "आणि इतके बुधवार याच खुर्चीत बसून सफरचंदं कापलीस होय माझ्यासाठी?"

मला रडू फुटलं. सहासष्ट वर्षांचा घोडा मी, पलंगाची कड धरून रडलो. त्यांनी माझ्या डोक्यावर हात वगैरे ठेवला नाही. "फोन कर," एवढंच म्हणाले, "आत्ता, माझ्यासमोर."

पलीकडचा माणूस सभ्य होता. मी चूक सांगायच्या आधीच त्याच्याकडून कळलं, साचे महिन्यापूर्वीच कापून झाले होते. म्हणजे माझ्या हातात पुरते चार महिने होते. मी विचारलं, जुन्या नमुन्यातला एखादा शिपाई शिल्लक असेल का, एकच द्या, हवं ते देतो. तो म्हणाला, "नाही हो साहेब. ते वितळवून त्याच शिशाचे नवे ओतले. तुमच्या पत्रामुळे वेळेत कळलं ते बरं झालं."

मी मास्तरांना जसंच्या तसं सांगितलं. त्यांनी डोळे मिटले. "येऊ देत मग तसेच," म्हणाले. "मला काय, म्हातारा आला म्हणजे झालं."

पेटी आली तेव्हा मास्तरांना जाऊन एकोणीस दिवस झाले होते.

डॉक्टरच्या टेबलावर कॅप्टनने ती उघडली. भुशातून एकेक जण बाहेर निघाला. स्ट्रेचरवाले आले तसा कॅप्टन ओरडला, "बघा, पट्टा! डावा खांदा! शुद्धिपत्रांचा विजय असो!" मी उभा राहिलो आणि सगळं सांगितलं, मास्तरांच्या पाच महिन्यांसकट. मग डॉक्टर म्हणाला, "जाऊ द्या हो, एवढं काय मनाला लावून घेता? फोटो छापणाऱ्याची चूक ती. आणि पट्टा कुणाला कळतोय?" कॅप्टननेही मान डोलावली आणि चहा मागवला. इतक्या स्वस्तात सुटका झाली की मला तिथे बसवेना.

स्ट्रेचरवाली जोडी घेऊन मी मास्तरांच्या घरी गेलो. सुनेने मशीन थांबवलं, ओढणीने हात पुसले आणि तळहातावर ती जोडी घेतली. एक पुढे, एक मागे, मध्ये पांघरुणाखाली जखमी. मी पट्ट्याचं बोलायला सुरुवात केली.

"बाबांनी सांगितलंय मला ते," ती म्हणाली. तिने शिपाई डोळ्यांजवळ धरले, मग खिडकीकडे नेले. "काका, यातले आमचे आजेसासरे कुठले? पुढचे की मागचे?"

इतकी वर्षं मी मास्तरांना पलटणीचं बटण विचारलं होतं, टोपीची झालर विचारली होती, पट्ट्याची रुंदीसुद्धा विचारली होती.

"ते विचारायचं राहिलं," मी म्हणालो.

"मीही नाही विचारलं," ती म्हणाली. मशीनशेजारचा दोऱ्याचा डबा तिने जरा सरकवला, त्या जागेवर दोघांना उभं केलं आणि अर्धवट राहिलेली शिलाई पुढे चालू केली. मशीनच्या हादऱ्याने दोघे तसूतसूने कडेकडे सरकू लागले. तिने एका हाताने कापड धरलं आणि दुसरा हात त्यांच्यापुढे आडवा ठेवला.