बहात्तरचं अक्षर

नंदकुमार सरांच्या एडिटरमधलं अक्षर एवढं दांडगं, की रबाळ्याच्या ऑफिसात त्यांनी प्रोग्रामची एक ओळ लिहिली तर उरणच्या धक्क्यावरचा कोळी ती चष्म्याशिवाय वाचायचा, आणि कंस राहिला असेल तर फोन करून सांगायचा. ऑफिसातले असं म्हणत. सरही हसत. "मोठं लिहिलं की चूक लपत नाही, बाबांनो."

खरं कारण त्यांच्या सेटिंग्जच्या फाइलीत होतं. कुठला शब्द कुठल्या रंगात, कुठल्या बटणाने काय व्हावं, सगळं वीस वर्षं खपून बसवलेलं. अक्षर तेव्हापासून चौदाचं. दीड वर्षापूर्वी डॉक्टर म्हणाले, डोळ्याचा पडदा झिजतोय. मग अठरा, चोवीस, छत्तीस. प्रत्येक बदलाशेजारी तारीख आणि कारण लिहायची जुनी खोड. शेवटची नोंद होती, 'डावा गेला'. ऑफिसात कळलं तर प्रोग्रामिंग सुटणार, म्हणून त्यांनी बायकोलासुद्धा, वैशालीलासुद्धा, सांगितलं नव्हतं.

सोमवारी ते उशिरा जेवून आले तर टेबलावर नवा लॅपटॉप. जुना सिस्टिमवाल्यांनी नेलेला, फाइली तेवढ्या नव्यात टाकून. वर टीम लीड विश्वजितचं फर्मान: चारपर्यंत प्रत्येकाने आपली सेटिंग्ज सगळ्यांना दिसतील अशा फोल्डरमध्ये ठेवावीत.

म्हणजे त्याआधी नोंदी पुसायला हव्यात. सरांनी फाइल उघडली. ती अजून लागू झाली नव्हती, अक्षर बाराचं. मुंग्या परवडल्या, त्या निदान हलतात म्हणून दिसतात. अक्षर मोठं करायचं बटण त्यांनी स्वतःचं बसवलेलं. मूळचं कुठलं, ते कधीच विसरलेले. फाइल दिसायला ती लागू व्हायला हवी, आणि लागू करायला ती दिसायला हवी होती.

शेजारच्या श्रुतीने खुर्ची सरकवली. "सर, वीस मिनिटं झाली, स्क्रोल पण नाही केलंत. काय टेन्शन?"

"विचार चाललाय."

"पावणेचार झाले. द्या इकडे, सेकंदाचं काम. लग्नाची पत्रिका छापताय का?"

सर बाजूला झाले. श्रुतीची बडबड मध्येच थांबली, तेव्हा तिने काय वाचलं ते त्यांना कळलं.

"या ओळी..." ती हळूच म्हणाली.

"पूस."

तिने पुसल्या. "अक्षर छत्तीसच ठेवू?"

हो म्हटलं असतं तर निभावलं असतं. पण गेले पंधरा दिवस छत्तीसलाही ते तीन आणि आठ अंदाजाने वाचत होते.

"बहात्तर कर."

"सर, सहा ओळी मावतील."

"माहितेय."

अक्षरं भिंतीएवढी झाली. काचेच्या केबिनमधून विश्वजितने मान वर केली आणि तो उठूनच आला.

"काय नंदूसर, दुकानाची पाटी रंगवताय का?"

"अरे, ते मीच गंमत म्हणून..." श्रुतीने सुरुवात केली. सरांनी तिच्या मनगटावर हात ठेवला.

"पुसलेलं परत आण, श्रुती. आणि तू खुर्ची घे, विश्वजित. निवांत वाच."