बनुबाईची फिरती परात

बनुबाईला कुणी सुगरण म्हटलं तर ती नुसती हसायची. पण तिच्या झाडलोटीबद्दल कुणी बरं बोललं की पदर सावरून ताठ बसायची. लोणंदच्या अलीकडच्या त्या गावात तिच्यासारखं घर कुणी झाडत नव्हतं, आणि एखाद्याला हे ठाऊक नसेल तर ती स्वतः सांगायला कमी करत नव्हती. शहाबादी फरशीचा सोपा, माजघर, स्वयंपाकघर आणि मागची धान्याची खोली, सगळं उजाडायच्या आत लख्ख व्हायचं. केरसुणीचा एक फटका दुसऱ्याला लागून असायचा. शेजारच्या अंजनाच्या अंगणात जाऊन ती चहा प्यायची, पण नजर सगळी कोपऱ्यातल्या जळमटावर असायची.

असल्या माणसाच्या तोंडून मोठा शब्द निघून जातो, तसा तिच्याही तोंडून निघाला होता. लेक जयराज साताऱ्याला बिऱ्हाड करून राहिला तेव्हापासून तो आईवडिलांना तिकडे बोलवत होता. एकदा तो फारच मागे लागला तेव्हा बनुबाई अंजनासमोर म्हणाली, "ज्या दिवशी माझं घर मला झाडता येणार न्हाई, त्या दिवशी येते तुझ्यासंगं. तोवर नाव काढायचं न्हाई." जयराजनं तो शब्द ध्यानात ठेवला.

आणि त्या पावसाळ्यात ती गोठ्यात घसरून पडली. साताऱ्याच्या डॉक्टरांनी कमरेला पट्टा दिला आणि सांगितलं की चाला, बसा, काठी धरून फिरा, पण वाकायचं म्हणून नाही. बनुबाईनं मान डोलावली आणि घरी येऊन पहिलं काम केलं ते केरसुणी घेऊन वाकण्याचं. जी कळ आली ती डोळ्यांतून पाणी काढूनच गेली. जयराजनं शब्दाची आठवण करून दिली, रागानं नव्हे, पण दिली. "दिवाळीचा पाडवा येऊ दे. त्या सकाळी तू घर झाडून दाखव. दाखवलंस तर मी परत विषय काढणार नाही. नाहीतर भाऊबीज झाली की गाडीत बसायचं."

पाडव्याच्या पहाटे घरच्या बाईनं घर झाडून इडापिडा बाहेर टाकायची, हा त्यांच्याकडचा रिवाज. त्यामुळे जयराजनं दिवस अगदी नेमका धरला होता. बनुबाईला साताऱ्याचा राग नव्हता. सून रेश्मा गुणाची होती. पण तिथं खुर्चीत बसून दुसऱ्याच्या घराकडे बघत दिवस काढायचे, हे तिला सोसणारं नव्हतं. इथं ती घराची मालकीण होती. तिथं ती जयराजची आई झाली असती, तेवढंच.

नवरा आकाराम हा फौजेत गाड्यांच्या वर्कशॉपात हवालदार होता आणि पेन्शनीवर आल्यापासून गावातले पंप, मिक्सर, रेडिओ उघडून बसायचा. तो म्हणाला, "मी झाडतो की. बराकी काय कमी झाडल्यात?" त्यानं झाडलं, बनुबाई काठी टेकत मागून फिरली. "आवं, बाजंखाली कोण, तुमचा सुभेदार झाडणार हाय व्हय?" दुसऱ्या दिवशी तिनं त्याच्या हातातून केरसुणी काढून घेतली. अंजना आपणहून आली तर तिलाही दारातून परत लावलं. आणि खरं सांगायचं तर दुसऱ्या कुणी झाडलेलं तिला चालणारच नव्हतं, कारण शब्द 'मला झाडता येणार न्हाई' असा होता.

आकारामनं टीव्हीवर कुठल्याशा परदेशी कार्यक्रमात एक यंत्र बघितलं होतं. बशीसारखं गोल, आपलं आपण जमिनीवर फिरतं, भिंतीला लागलं की वळतं आणि फिरता फिरता केर ओढून घेतं. दोनच मिनिटं दाखवलं असेल, पण हवालदाराच्या डोक्यातून ते जाईना. त्यानं जुन्या जीपच्या वायपरची मोटर आणली, गाडीतला छोटा पंखा आणला, मोटारसायकलची बॅटरी आणली, आणि एके दुपारी बनुबाईची कणीक मळायची मोठी परात नाहीशी झाली.

"परात कुठाय माझी?"

"सापडंल."

सापडली तेव्हा ती पालथी होती आणि तिला चाकं लागली होती. कडेनं सायकलची ट्यूब गुंडाळलेली, तिच्या मागं बटणं. ट्यूब भिंतीला दबली की मोटर उलटी फिरायची आणि परात तोंड वळवायची. खाली काथ्याचा गोल ब्रश, वर पंखा, आणि केर साठवायला फौजेतल्या जुन्या बनियनची पिशवी. बनुबाई परातीसाठी मनसोक्त भांडली. भांडण झाल्यावर खुर्ची ओढून बघत बसली.

पहिल्या दिवशी परातीनं सोप्याच्या पायरीवरून उडी घेतली. दुसऱ्या खेपेला कोंबडीच्या मागं लागली, की कोंबडी तिच्या मागं, यावर नवरा-बायकोचं एकमत झालं नाही. वीज असेल तेव्हा बॅटरी चार्ज करायची आणि वीज गेली की परात सोडायची, असं चालू झालं. आणि हळूहळू परात नीट फिरू लागली. बाजंखाली गेली, कपाटाखाली गेली, बाहेर आली ती केर घेऊनच. बनुबाई तोंडानं काही बोलली नाही, पण अंजनाला हाक मारून बोलावलं, आणि हवालदाराला तेवढं पुरे होतं.

पण सोप्यातून माजघरात जायला उंबरा होता. पुढच्या प्रत्येक खोलीला उंबरा होता. परात उंबऱ्याशी जायची, ट्यूब दबायची आणि परात माघारी यायची. आकारामनं करवत काढली.

"उंबऱ्याला हात लावाल तर याद राखा," बनुबाई म्हणाली. "सासूबाई रोज हळदीकुंकू वाहायच्या त्याला. मी बी वाहते."

"मग मी उचलून ठेवतो पल्याड."

"तुमी उचलल्यावर झाडलं कुणी? तुमीच की." तिनं काठीनं उंबरा ठोकून बघितला. मग म्हणाली, "रेडकू उंबऱ्यावर अडलं तर आपण त्याला उचलतो का? पुढचे पाय तेवढे वर ठेवतो. मागचे त्याचं त्ये आणतं."

तिनं परसातली आकडी आणायला सांगितली, लांब बांबूची, शेवग्याच्या शेंगा काढायची. परातीच्या पुढच्या कडेला आकारामनं एक कडी बसवली आणि मागच्या चाकांना जाड रबर चढवलं. बनुबाई ताठ उभी राहिली, आकडी कडीत अडकवली, परातीचं नाक तेवढं उंबऱ्यावर टेकवलं, आणि मागची चाकं घरघरत बाकीची परात वर घेऊन गेली. पलीकडे उतरताना आकडीनंच तोल धरायचा. हे एका दिवसात जमलं नाही. परात उताणी पडली, भिंतीवर ओरखडे उठले, आकारामनं कपाळाला हात लावला. पण दसरा उलटून गेला तोवर बनुबाई चारी खोल्यांतून परात अशी फिरवू लागली की हवालदार स्वतः करायला गेला तर तिला हसू आवरायचं नाही. मशीन त्याचं होतं, पण हात तिचा होता, आणि हे तिला पक्कं ठाऊक होतं.

पाडव्याला जयराज आणि रेश्मा घरी होते. दोघांना कुणी काही सांगितलं नव्हतं. उजाडताना आकारामनं परात सोप्यात आणून स्टुलावर ठेवली. घरात नवी वस्तू सुरू करायची म्हणजे पूजा आलीच. बनुबाईनं परातीला हळदीकुंकू लावलं आणि झेंडूचा भरगच्च हार घातला. फौजेत दर दसऱ्याला ट्रकला हार घालणाऱ्या आकारामलाही त्यात काही वावगं वाटलं नाही. ट्रकचा हार बॉनेटवर असतो आणि परातीचा ब्रश पोटाशी, हे दोघांच्याही लक्षात आलं नाही.

आकारामनं परात फरशीवर सोडली आणि बनुबाईनं काठीच्या टोकानं बटण दाबलं. परात निघाली. रेश्मा "अय्या!" म्हणाली. जयराज साताऱ्याच्या कारखान्यात यंत्रांवरच काम करायचा, तो खाली बसून बघायला लागला. दारात अंजना होती, तिच्या मागं गल्लीतल्या दोघीचौघी. परात अर्ध्या सोप्यात गेली, हार घसरला, दोरा ब्रशात गेला, झेंडूच्या पाकळ्या चौफेर उडाल्या आणि परात कण्हून थांबली. झाडलेला सोपा पहिल्यापेक्षा घाण झाला.

आकारामनं स्क्रूड्रायव्हर घेतला आणि तो पाकळ्यांतच खाली बसला.

"राहू द्या बाबा," जयराज हळूच म्हणाला. "आई, तू प्रयत्न केलास. पण..."

अंजनासमोर, गल्लीसमोर, पाडव्याच्या सकाळी! तिला हाराचा राग आला, स्वतःचा आला, आणि लेकाच्या त्या मऊ आवाजाचा सगळ्यात जास्त आला. ओरडला असता तर बरं झालं असतं.

"पण काय?" ती म्हणाली. "फटका मारताना केरसुणीची काडी तुटली तर कुणी झाडायचं सोडतं का? सर बाजूला."

तिनं आकडी कडीत घातली आणि परात ओढून भिंतीला उभी केली. पोट समोर आलं. "रेश्मा, कात्री आण. त्यो दोरा काप. असा न्हाई, ब्रश उलटा फिरवत काढ." रेश्मानं दोरा काढला, पाकळ्या काढल्या. आकारामनं तारा चाचपून बघितल्या आणि मान हलवली. बनुबाईनं परात खाली सोडली.

परात निघाली आणि आपणच सांडलेल्या पाकळ्या आपणच गिळत सोपाभर फिरली. उंबरा आला. जयराज पुढे झाला, "थांब, मी उचलतो."

"हात लावू नगंस."

मग म्हणाली, "बरं, लाव. धर आकडी."

जयराजनं आकडी धरली, कडीत घातली, जोर लावला. परात कलंडली. पुन्हा लावला. परात माघारी वळून त्याच्याच पायावर आली. दारातल्या बाया हसल्या, तोही हसला. बनुबाईनं आकडी घेतली, नाक उंबऱ्यावर टेकवलं, आणि परात गुमान माजघरात उतरली. कंबर तसूभर वाकली नाही. माजघर झालं, स्वयंपाकघर झालं, धान्याची खोली झाली. आकारामनं बनियनची पिशवी सुपात उपडी केली, आणि ते सूप बनुबाईनं स्वतः नेऊन उकिरड्यावर टाकलं.

ती परत आली तर जयराज माजघरात गुडघ्यावर बसून बाजंखाली हात फिरवत होता. त्यानं बोटं उजेडात धरून पाहिली. बोटांना काही लागलं नव्हतं.

"बघ, अजून बघ," ती म्हणाली. "कपाटाखाली बी बघ."

तो उठला नाही. "आई, मी झाडण्यासाठी मागं लागलो होतो का? तू गोठ्यात पडलीस. बाबा शेताकडं. किती वेळ पडून होतीस कुणाला माहीत नाही. तो फोन आला तेव्हा चालती मशीन सोडून मी धावत सुटलो."

एवढे दिवस ती लेकाशी शब्दावरून लढत होती, आणि तो शब्दासाठी नव्हताच लढत.

"भ्या वाटलं व्हय रं?"

"लय."

तिनं आकडी भिंतीला टेकवली आणि त्याच्या डोक्यावर हात ठेवला. वाकावं लागलं नाही, तो खालीच बसला होता.

"माझ्या बी जिवाला वाटलं," ती म्हणाली. "रोज वाटतं. पण जयराज, तुझ्याकडं आले तर मी पडणार न्हाई, हे खरं. कारण उभीच ऱ्हाणार न्हाई."

जयराजनं उठून परात उलटी केली आणि बापाला म्हणाला, "बाबा, हे मागचं चाक डुगडुगतंय. बेअरिंग घालायला पाहिजे. पुढच्या रविवारी घेऊन येतो."

"पुढच्याच रविवारी कशाला? दर रविवारी ये," बनुबाई म्हणाली, आणि दारात ताटकळलेल्या अंजनाला तिनं आत बोलावलं. "ये गं, बाजंखाली हात घालून बघ. लेकानं बघितलंय, तू बी बघ."