पळण्याची शिक्षा

दुसऱ्या फेरीत बापाचा ठोसा लेकीच्या नाकावर बसला आणि रक्त तिच्या हनुवटीवरून गळ्यात उतरलं.

"हात आखडलास तर दोघांनाही हाकलीन!" दोरांबाहेरून कोच खेकसला.

त्या बॉक्सिंग क्लबात बापाला सगळे 'पोतं' म्हणत. मोठ्या लढतीआधी खेळाडूंनी बदडायला ठेवलेला माणूस. त्यात त्याचं उभं आयुष्य गेलं होतं. एक कान आणि समोरचे दातही गेले होते. आज लेकीची निवड होती. तिसऱ्या फेरीअखेर उभी राहिली तर संघात, पडली तर ग्लव्ह्ज कायमचे खुंटीला. तिला पाडायचं काम कोचने मुद्दाम बापालाच दिलं होतं. मेल्याला तेवढंच सुचायचं.

या क्लबात पळणं ही शिक्षा होती. उशीर केला, पळ. उलट बोललास, पळ. त्यामुळे शहाणे पळत नसत. नुसते दंड फुगवत आणि तिसऱ्या फेरीत तोंड वासत. त्यांचे ठोसे शेवटी कसे मऊ पडतात, ते पोत्याइतकं कुणाला ठाऊक असणार? म्हणून वर्षभर त्याने लेकीला रोज पहाटे टेकडीवर पिटाळलं. कारण सांगितलं नाही. समजावून सांगणं त्याला कधी जमलंच नाही. बाबांना आपलं बॉक्सिंग खुपतंय, अशी तिने खूणगाठ बांधली आणि घरात बोलणं टाकलं.

घंटा झाली. क्लबच्या डॉक्टरबाईंनी तिचं नाक पुसलं, नाडी धरली आणि त्या चमकल्या.

"धाप बसलीसुद्धा? गेल्या वर्षी दम मोजायला मास्क लावून पळवलं तेव्हा गळपटली होतीस. आता हृदय एका ठोक्यात जास्त रक्त ढकलतंय, पायही त्यातला प्राणवायू जास्त ओढून घेतायत. कुणी पळवलं गं तुला?"

"शिक्षा होती ती," ती म्हणाली. मग समोरच्या कोपऱ्यात पाहिलं. बाप दोराला लटकून तोंडाने हवा ओढत होता. टेकडीवर का पिटाळलं, ते तिला आत्ता उमगलं.

तिसऱ्या फेरीत बाप पिसाळल्यासारखा आला. बरगडी, पोट, पुन्हा बरगडी. तिची भुवई फुटली, डोळा रक्ताने भरला, पण दम तुटला नाही. तुटला तो त्याचा. हात खाली आले.

"बाबा, पडा ना आता," ती कुजबुजली.

"खोटं पडलो... तर तुझं काही खरं नाही. मार!"

तिने मारलं. जबड्यावर, सगळ्या ताकदीनिशी. तो आडवा झाला.

शेवटची घंटा झाली. कोचने संघाची जर्सी दोरावर टाकली. लेकीने तिकडे पाहिलंही नाही. ती बापाशेजारी गुडघ्यांवर बसली. तिचा श्वास केव्हाच संथ झाला होता.

"उद्या पहाटे उठवाल ना, बाबा?"

हो म्हणण्यापुरताही श्वास त्याला गोळा करता येईना. त्याने नुसती मान हलवली.