अकरा वाजताचा डबा

शहरातल्या नऊ वर्षांत तिच्यावर उपाशी राहायची वेळ एकदाही आली नव्हती. व्रत तसं साधंच होतं. आपल्या हातचं अन्न घराबाहेरच्या एका तरी माणसाच्या पोटात गेल्याशिवाय आपण जेवायचं नाही. देश सोडायच्या आदल्या दिवशी आईच्या पाया पडून, देवापुढे दिवा लावून तिने ते घेतलं होतं. परक्या मुलखात माणूस एकटं जेवायला शिकतं, याची तिला धास्ती होती. नवरा घरचाच, तो मोजायचा नाही.

शहरात याची काही अडचण पडली नाही. बारा मजल्यांची इमारत, समोरच्या दारात कुठल्याशा तिसऱ्याच देशातल्या दोन नर्स मुली, त्या फोडणीच्या वासावर यायच्या. खालच्या मजल्यावर तिची मैत्रीण. इमारतभर बातम्या पोचवायची म्हणून सगळ्या तिला 'टपाल' म्हणत. आणि शिवणाच्या दुकानात, जिथे ती दिवसभर पँटी आखूड करून द्यायची, तिथल्या मालकीणबाई तर डबा उघडायच्या आधीच चमचा घेऊन उभ्या.

मग नवऱ्याला इकडे खेड्यांच्या भागात एका डेअरीत नोकरी लागली. तो गुरांचा डॉक्टर. शहरात त्याची पदवी कुणी धरली नाही, म्हणून नऊ वर्षं कुत्र्यामांजरांच्या दवाखान्यात पिंजरे धूत राहिला. इथे डॉक्टरच मिळत नव्हते, म्हणून इथे ती धरली. आधी एक वर्षाचा करार, दोघांना रुचलं तर पुढे पाच वर्षांचा.

घर मोठं मिळालं. चार खोल्या, पाठीमागे शेड, आणि स्वयंपाकघराच्या खिडकीतून दिसणारा एक रस्ता. त्या रस्त्यावर अर्ध्या किलोमीटरवर एकच धुराडं. बाकी गवत आणि वारा.

पहिल्या आठवड्यात तिच्या लक्षात आलं की इथे द्यायला माणूसच नाही. दुधाच्या टँकरचा ड्रायव्हर दिवसाआड यायचा, तो खुशीने घ्यायचा. मधल्या दिवशी ती पेलाभर दुधावर राहायची. असे तीन महिने गेले.

"तुझा देव शहरातच राहिलाय," नवरा म्हणाला. "त्याला नवा पत्ता कळवलाच नाहीस तू."

"चेष्टा करा."

"चेष्टा नाही गं. चेहरा बघ आरशात. माझ्या गाईंना असा चेहरा झाला की मी सलाईन लावतो."

दुसऱ्या दिवशी ती डबा घेऊन त्या धुराड्याकडे चालत गेली. दार साखळी लावून बोटभर उघडलं. आत एक म्हातारी, उंच, ताठ, हातात फडकं. हिने इथल्या भाषेत तोडकंमोडकं सांगितलं, शेजारी आहोत, थोडं जेवण आणलंय. म्हातारीने डब्याकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं आणि साखळी काढली.

दुसऱ्या दिवशी डबा स्वच्छ धुऊन, पुसून पायरीवर ठेवलेला होता. "छान होतं," आजी म्हणाल्या.

त्या दोन शब्दांवर तिचे आठ महिने निघाले. रोज अकराला ती निघायची. आजी दारातच उभ्या असायच्या. भरला डबा घ्यायच्या, कालचा द्यायच्या. मग पाच-दहा मिनिटं बोलणं. गुडघा, गारा, मेलेल्या नवऱ्याचा ट्रॅक्टर, जो विकायला काढला की चालू होतो आणि गिऱ्हाईक गेलं की बंद पडतो. एकदा आजींनी तिच्या मफलरची गाठ सोडून नीट बांधून दिली. घरी येऊन ती आधी देवाला हात जोडायची, मग पान वाढून घ्यायची.

वर्ष संपत आलं तसा नव्या कराराचा कागद जेवणाच्या टेबलावर येऊन पडला. त्याच आठवड्यात टपालचा फोन.

"अगं, मालकीणबाईंनी तुझी खुर्ची अजून ठेवलीय. महिनाअखेरपर्यंत म्हणाल्या. मग नवी बाई घेणार. काय करतेस तिथे? गवत मोजतेस?"

"इथे आजी आहेत."

"आजी इथेही ढीगभर आहेत. लिफ्टमध्ये चेंगरून मरतो आम्ही."

रात्रीच्या जेवणानंतर नवऱ्याने कागद पुढे सरकवला. "तू म्हणशील तसं. मला इथे लोक डॉक्टर म्हणतात, ते मला आवडतं, खोटं कशाला बोलू? पण तुला इथे बोलायला माणूस नाही. परत जाऊ म्हणालीस तर मी पुन्हा पिंजरे धुवीन. कुरकुर करणार नाही."

तिने विचार केला. शहरात आपण नाही दिलं तर दुसरं कुणी देईल. इथे त्या बाईच्या पोटात दुपारी जे जातं ते आपल्या हातचं. देवाने आपल्याला इथे कशासाठी आणलं, हे इतकं स्वच्छ कधी दिसलं नव्हतं.

"करा सही," ती म्हणाली. त्याने दोनदा विचारलं. दोन्ही वेळा तिने तेच सांगितलं. टपालला फोन करून खुर्चीचंही कळवून टाकलं.

सहीला अकरा दिवस झाले आणि आजी न्हाणीघरात पडल्या. खुबा मोडला. शहरातून त्यांची भाची आली, त्यांना इस्पितळात पोचवून घर आवरायला परतली. डबा घेऊन गेलेल्या शेजारणीला तिने आत बोलावलं. आठ महिन्यांत उंबऱ्याच्या आत ती पहिल्यांदाच गेली.

"वीज तोडणार आहेत, तेवढा मागच्या खोलीतला फ्रीझर रिकामा करायला हात लावाल?"

तिने झाकण वर उचललं. आत पिशव्या होत्या. पारदर्शक, सपाट दाबलेल्या, वह्या रचाव्यात तशा रचलेल्या. प्रत्येकीवर चिकटपट्टी आणि तिच्यावर बारीक, थरथरत्या अक्षरात तारीख. एकीत पिवळा भात. एकीत भोपळ्याची भाजी, परवाचीच. खाली खाली हात घातला तसे महिने मागे गेले.

"अरे देवा," भाची मागून म्हणाली. "मला वाटलं, फेकून देत असेल."

"एकदासुद्धा नाही खाल्लं?"

"पहिल्या दिवशी चाखलं होतं म्हणे. तिखटाने तोंड पोळलं. मी कितीदा म्हटलं, सांगून टाक तिला. तर म्हणाली, मग ती यायची नाही." भाचीने तिच्या खांद्यावर हात ठेवला. "वाईट वाटून घेऊ नका. तुमच्यावर फार जीव तिचा."

"आजी परत कधी येतील?"

"आता कशी येईल? माझ्याकडेच नेते, शहरात. तिथे निदान माणसं तरी आहेत."

ती घरी आली. भरलेला डबा ओट्यावर ठेवला. देवापुढे बसली, पण हात जोडता येईनात. ड्रायव्हरने खाल्लं ते दिवस सोडले तर आठ महिने रोज ती व्रत मोडून जेवली होती. रोज. हात जोडून, समाधानाने.

नवऱ्याला तिने एवढंच सांगितलं की आजी शहरात चालल्या. त्याच्या शर्टाच्या खिशाला डेअरीने दिलेला नवा बिल्ला होता, त्यावर पाच वर्षांची मुदत छापलेली. पुढचं तिने पोटातच ठेवलं.

दोन दिवस ती दुधावर राहिली. टँकरची वेळ बदलली होती, तो आता पहाटेच येऊन, न थांबता जायचा. तिसऱ्या दिवशी तिने टपालला फोन केला.

"माझं एक काम कर. रोज दुपारी माझ्या नावाने कुणाला तरी चार घास दे. तुझ्या हातचे चालतील. देव समजून घेईल. दिलेस की मला कळव, मग मी जेवीन."

"एवढंच ना? वेडी कुठली. देते."

बाराला फोन वाजला. ती पान वाढून बसलीच होती.

"दिले गं. जेव तू."

"कुणाला दिलेस?"

फोनमध्ये मागे कुठेतरी लिफ्टचं दार सरकल्याचा आवाज आला.

"त्या नर्स मुलींना. छान झालंय म्हणाल्या. जेव आता, माझी शपथ."

आवाज मायेचा होता. तो मऊपणा तिला नीट ओळखीचा होता, आठ महिने रोज दारात उभं राहून तिने तो ऐकला होता.

"जेवते," ती म्हणाली. फोन ठेवला. मग पानावर ताट पालथं घातलं आणि खिडकीतून दिसणाऱ्या रस्त्याकडे बघत बसली. धुराडं थंड होतं.