तान्ह्या पोळ्याचा गेम

विद्यापीठानं छोट्या गेम बनवणाऱ्यांसाठी योजना काढली, तेव्हा वर्ध्याच्या आमच्या कॉलेजात सगळे हसले. मी हसले नाही, कारण ती चालवायचं काम माझ्याच गळ्यात पडलं होतं. कॉम्प्युटरची एक खोली वर्षभर मोफत, आणि शेवटी बाहेरचा परीक्षक येऊन ठरवणार की पुढचं वर्ष कुणाला द्यायचं. २००८ साली आमच्याकडे गेम म्हणजे पोरं वाया जायचं साधन. त्यामुळे आलेल्यांपैकी बरेचसे फुकटच्या इंटरनेटसाठी आले होते, हे मला पहिल्याच आठवड्यात कळलं.

खरं काम करत होती ती मयुरी. आर्वीची. तिच्या वडलांचं, मधुकररावांचं, तिथं कापडाचं दुकान. बी.सी.ए. झाली की पोरगी दुकानाची बिलं कॉम्प्युटरवर करेल, असं ते धरूनच चालले होते. "एक साल देतो, मॅडम," ते मला म्हणाले होते. "पुढचं भेटलं नाई तं हा नाद बंद. मंग दुकान."

मयुरीचा गेम तान्ह्या पोळ्याचा, म्हणजे लहान पोरांच्या पोळ्याचा. लहान पोरगं चाकाचा लाकडी बैल दोरीनं ओढत गल्लीतून निघतं. दारोदारी बैलाची पूजा होते, बोजारा मिळतो, त्या पैशांतून बैलाला माळा, झूल, गोंडे घ्यायचे. शेवटी मारुतीच्या देवळापुढे ज्याचा बैल सगळ्यांत सजलेला, तो जिंकला. आम्ही तो कॉलेजच्या आजूबाजूच्या पोरांना खेळायला दिला, तर ती उठायलाच तयार नव्हती. मला वाटलं, आता काळजी नाही.

परीक्षक श्रीधर सर पुण्याहून आले ते एप्रिलमध्ये. मोबाइलचे गेम काढणाऱ्या कंपनीतला माणूस. मधुकररावही आर्वीच्या एसटीनं येऊन मागच्या खुर्चीवर बसले होते. निकाल काय तो समोरासमोर ऐकायचा, आणि नाही म्हणाले तर पोरीचं सामान घेऊनच परतायचं, अशी तयारी होती.

श्रीधर सरांनी बटण दाबलं ते सोडलंच नाही. बैल सगळी गल्ली पार करून थेट देवळापुढे. अंगावर एक माळ नाही. शेवटचा नंबर. त्यांनी परत सुरू केलं आणि आणखी जोरात पळवलं.

"शर्यत आहे ना ही?" त्यांनी विचारलं. "पण वाटेत काही घडतच नाही."

"अहो, थांबायचं असतं दारापुढे!" मी जवळजवळ ओरडलेच. "थांबलं की दार उघडतं."

"हे मला कुणी सांगितलं? गेम घेणाऱ्या प्रत्येकाच्या खुर्चीमागे तुम्ही उभ्या राहणार का?"

माणूस बरोबर बोलत होता, म्हणून मला त्याचा जास्तच राग आला. आमच्याकडच्या पोराला बैल घेऊन दारात थांबायला शिकवावं लागत नाही. त्यामुळे ते गेममध्ये सांगायला हवं, हे मयुरीला सुचलं नाही आणि मलाही नाही. "मी जेवून येतो. तोवर काही सुचलं तर दाखवा," असं म्हणून सर गेले.

मयुरी खुर्ची ओढून कॉम्प्युटरपुढे बसली. मी म्हटलं, "दारावर पाटी टाक, इथे थांबा म्हणून."

"पाटी लावून कोनी पोराले बोलावते का, मॅडम?" ती म्हणाली. "हाक मारतेत."

तिनं माईक माझ्यापुढे धरला. मी हाक मारली, ती हजेरी घेतल्यासारखी आली. मग तिनं तो वडलांपुढे नेला.

"मी नाई बोलत त्या डबड्यात," मधुकरराव म्हणाले.

"बाबा, गिऱ्हाईक आपल्या दुकानावरून सीधं पुढे चाललं, समजा."

तेवढं त्यांना सहन होण्यासारखं नव्हतं. "अरे ए बाप्पा! कुठी चालला? थांब ना! बैल आन इकडे, बोजारा घेतल्याबिगर जाशीन तं पाहाजो!" सगळी खोली दणाणली. मयुरीनं ती हाक प्रत्येक दारावर बसवली.

श्रीधर सर आले आणि पुन्हा बटण दाबून धरलं. पहिल्या दारातून मधुकरराव कडाडले. सरांचं बोट उचललं गेलं, बैल थांबला, दार उघडलं आणि एक बाई आरतीचं ताट घेऊन आली. मग ते दारोदार थांबत गेले. देवळापर्यंत पोचले तेव्हा बैल ओळखू येत नव्हता आणि सर पोटभर हसत होते.

"सगळ्या गल्लीत एकच माणूस राहतो का हो?" ते म्हणाले. "पुढचं वर्ष दिलं. पण प्रत्येक घराला स्वतःचा आवाज हवा."

आनंदानं मी मयुरीचा हात घट्ट धरला, पण तिचं लक्ष सरांकडे नव्हतंच. ती वडलांकडे बघत होती. ते उठले, सदरा नीट केला.

"रविवारी आर्वीले येजो, ते माईक घेऊन," ते म्हणाले. "गल्लीतल्या साऱ्या बायांले दुकानात बसवतो."

"दुकानात गिऱ्हाइकं असतीन ना, बाबा. कलकल येईन आवाजात."

"बंद ठेवतो."

ऐन लग्नसराई होती. कापडवाला लग्नसराईतल्या रविवारी दुकान बंद ठेवतो म्हणतो, म्हणजे काय म्हणतो, ते तिला बरोबर कळलं. माईकची वायर गुंडाळता गुंडाळता मयुरी रडायला लागली.