अर्पिताच्या छातीतली गाठ

सुनील राठोडच्या आठ वर्षांच्या अर्पिताचे केस परत उगवले, तेव्हा तांड्यातल्या बायका तिच्या डोक्यावरून हात फिरवायला मुद्दाम येत. मानेतल्या कॅन्सरच्या गाठी नागपूरच्या औषधानं विरघळल्या होत्या. पोरगी भाकरीवर भाकरी खायची, शाळेतून पळत घरी यायची. उपचार संपल्यावर तीन महिन्यांनी करायचा स्कॅन तेवढा राहिला होता. तो यवतमाळला झाला आणि येताना सुनीलनं तिला कुल्फी घेऊन दिली.

रिपोर्ट दुसऱ्या दिवशी आला. छातीच्या हाडामागे नवी गाठ. रोग परतला.

नागपूरच्या डॉक्टरांनी रिपोर्ट वाचला. स्कॅनच्या फोटोंच्या पाकिटाला त्यांनी हात लावला नाही. "तिथला तुकडा काढून तपासणं जोखमीचं आहे, हृदय जवळ आहे. वेळ घालवू नका. या वेळी आधीपेक्षा कडक औषध द्यावं लागेल."

"बापू, मी बरी हावो ना," अर्पिता म्हणाली. "मले काईच दुखत नाही."

सुई लावायच्या वेळी तिनं पलंगाची दांडी गच्च धरली, 'मी बरी हावो' म्हणून ओरडत राहिली. नर्स म्हणाली, पोरीला धरा. ममताला, तिच्या आईला, ते होईना. ती बाहेर जाऊन उभी राहिली. सुनीलनं धरलं. एकेक बोट सोडवलं, दोन्ही मनगटं एका मुठीत घेतली, वरून तिच्यावर खेकसलाही. पोरगी त्याच्या हाताला कडकडून चावली. त्यानं सोडलं नाही.

चार दिवसांनी तोंडभर फोड आले. रक्तातल्या पांढऱ्या पेशी संपल्या. मग ताप चढला तो उतरलाच नाही. अकराव्या दिवशी सकाळी अर्पिता गेली.

सोयाबीन निघाल्यावर स्कॅन सेंटरमधून फोन आला. डॉक्टर निकिता बोलावत होत्या. रिपोर्ट त्यांनीच लिहिला होता.

त्यांनी दार लावलं आणि स्क्रीनवर एक करडी छाती उघडली.

"मुलांच्या छातीत इथे एक ग्रंथी असते," त्या म्हणाल्या. "कॅन्सरच्या औषधानं ती आक्रसते. औषध थांबलं, मूल सुधारलं, की परत वाढते. कधी पहिल्यापेक्षा मोठी होते. माझ्याकडे बहुतेक मोठ्या माणसांचेच स्कॅन येतात. मी तिला गाठ समजले. मागच्या महिन्यात मुंबईला डॉक्टरांच्या एका शिबिरात आम्हाला असाच फोटो दाखवला. मी परत येऊन अर्पिताचा जुना स्कॅन बाहेर काढला, तिथल्या डॉक्टरांना पाठवला."

"मंग?"

"ती ग्रंथीच होती."

"म्हंजे रोग परत आलाच नव्हता?"

"नव्हता."

"मंग माही पोरगी कायनं मेली?"

निकिताबाईंनी स्क्रीन बंद केली.

"औषधानं," सुनीलच म्हणाला. मग, "हे मले कायले सांगतलं, मॅडम?"

"तुम्हाला कळायला हवं होतं. आणि… मला झोप लागत नव्हती."

"आता लागन तुमाले."

निघताना त्यांनी स्कॅनची सीडी त्याच्या हातात ठेवली. तक्रार करायची तर लागेल, म्हणाल्या.

स्टँडवर गावाकडं जाणाऱ्या आर्णीच्या दोन गाड्या त्यानं जाऊ दिल्या. इतके दिवस रोगाला शिव्या घालून त्याचे दिवस निघत होते. आता तो रोगच नव्हता. निकिताबाईंनी कागद लिहिला होता, नागपूरच्या डॉक्टरांनी औषध लिहिलं होतं. पण पोरगी ओरडून सांगत असताना तिचे हात त्या दोघांपैकी कोणी धरले नव्हते.

घरी ममता तूर पाखडत होती.

"काहून बलावलं होतं?"

"सीडी राह्यली होती तिकडं."

तिनं पदराला हात पुसले, सीडी घेतली, उलटीपालटी करून पाहिली. "आतमंदी तिचाच फोटो हाय ना?"

"हो."

ममतानं पेटी उघडली आणि अर्पिताच्या शाळेच्या फ्रॉकाखाली सीडी ठेवली. "रोगच बेकार होता," ती म्हणाली. "आपन काई कमी नाही केलं."

"नाही केलं," सुनील म्हणाला, आणि तिनं वाढलेलं सगळं जेवला.