नवसाबाईला दिसलेला करपा

मी सूर्यावरचा डाग बोलतोय. हसू नका! तुमच्या गालावर असला तर तीळ, आणि सूर्याच्या गालावर मी डाग? असो. शाळा मला फारशी मानवली नाही, माझ्यावर गुदरलं तेवढंच सांगतो.

सूर्याच्या पोटात चुंबकाचे दोर असतात. सूर्य मधोमध भरभर फिरतो, टोकांना रमतगमत. मग दोरांना पीळ बसतो. असाच एक पिळलेला दोर कमान करून वर उसळला. कमानीचा एक पाय मी, दुसरा माझा जुळा भाऊ. दोराने खालची उष्णता अडवली, म्हणून मी थंड. थंड म्हणजे लोखंडाची वाफ होईल इतपतच! भोवतालच्या झगमगाटात काळा दिसतो, एवढाच माझा गुन्हा.

दोन हजार तीनची दिवाळी सरली तेव्हा मी पृथ्वीपेक्षाही मोठा झालो होतो. मध्येच भडका उडवून तुमच्या रेडिओला खरखर लावायची, हा माझा आवडता चावटपणा.

दिंडोरीच्या मळ्यात नवसाबाई द्राक्षं छाटत होती. छाटणीत तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. धुळकट संध्याकाळी तिने मावळत्या सूर्याकडे पाहिलं.

"कारभारी, सूर्याला करपा पडलाय रे!"

करपा म्हणजे द्राक्षाच्या पानांवर काळे ठिपके पाडणारा रोग. कारभारी म्हणजे तिचा लेक. त्याने वर पाहिलंच नाही, आईच्या डोळ्यांत पाहिलं.

"आई, मोतीबिंदू हाय तुला. उद्यापासून कात्री नको. भलतीच काडी छाटशील, वर्षाचा माल जाईल."

कात्री खुंटीला गेली. मला बघवेना! पण सूर्य मला फिरवत कडेला नेत होता. एक-दोन दिवसांत मी पलीकडे, मग तिचं खरं कोण मानणार?

दुसऱ्या दिवशी मल्हारी वेल्डर फवारणीचं मोडकं यंत्र जोडायला आला.

"काय मावशी, आज कात्री नाय?"

"डोळे गेले म्हणं माझे. तुझी काळी काच दे जरा."

काच धरून ती वर बघत राहिली. "तिथंच हाय मेला! कडेला सरकलाय."

मल्हारीने काच घेतली आणि ओरडला, "कारभारी, पळत ये! सूर्याला कुठलं औषध मारू?"

कारभारीने बराच वेळ पाहिलं. मग खुंटीवरची कात्री आणून आईच्या हातात दिली.

"मोतीबिंदू तू काढून घे," नवसाबाई म्हणाली आणि वेलीकडे वळली.

मी कड ओलांडली. भोवतालच्या उकळीने मला कुरतडलं, तुकडे केले. माझं चुंबकत्व आता सूर्यभर पांगलंय. दर अकराएक वर्षांनी माझ्या भाऊबंदांची पुन्हा गर्दी होते. बघायचं तर वेल्डिंगची सगळ्यात गडद, चौदा नंबरची काच धरा, उघड्या डोळ्यांनी नको. आणि एखादी म्हातारी वर बोट दाखवत असेल, तर तिचे डोळे मग तपासा. आधी बोट कुठे आहे तिकडे बघा.